विश्लेषण : धातूच्या पोटात हायड्रोजन साठवता येतो, हे दाखवून देणारे थॉमस ग्रॅहम कोण होते?

हरित हायड्रोजनची चर्चा सुरू झाली की साठवणुकीचा प्रश्न येतोच. सामान्य तापमान व दाबाला एक किलो हायड्रोजन सुमारे ११ घनमीटर जागा व्यापतो. टाकीत भरायचा तर प्रचंड दाब हवा, द्रवरूप करायचा तर उणे २५३ अंश सेल्सिअस तापमान. तिसरा पर्याय म्हणजे धातूने तो शोषून घेणे. या पर्यायाचा पाया दीडशे वर्षांपूर्वी घातला तो थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने.

वडिलांचा विरोध कशाला?

ग्रॅहम यांचा जन्म १८०५ मध्ये ग्लासगोत झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाने रसायनशास्त्र निवडले आणि घरून मिळणारा पैसा थांबला. शिकवण्या करून त्यांनी दिवस काढले. १८३० मध्ये ते ग्लासगोच्या अँडरसन संस्थेत, तर १८३७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक झाले. १८४१ मध्ये स्थापन झालेल्या केमिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष.

वायू जितका हलका, तितका तो वेगाने पसरतो, हे सर्वसाधारण निरीक्षण त्यांनी नियमात बांधले. वायूच्या प्रसरणाचा वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्यांना हा 'ग्रॅहमचा नियम' आठवेल. 'डायलिसिस' हा शब्दही त्यांचाच.

टांकसाळीत काय घडले?

१८५५ मध्ये ते ब्रिटनच्या शाही टांकसाळीचे प्रमुख झाले. याच पदावर पूर्वी न्यूटनही होते. कारभार सांभाळत त्यांनी प्रयोग सुरू ठेवले. १८६६ मध्ये त्यांना आढळले की पॅलेडियम धातू स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषतो. पुढे विद्युत अपघटनाने हा आकडा ९०० पटींच्या पुढे गेला. तापवले की वायू पुन्हा बाहेर!

हायड्रोजन हा वायुरूप धातूच असावा आणि पॅलेडियमसोबत त्याचा मिश्रधातू बनत असावा, असे ग्रॅहम यांना वाटले. ते स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. प्रत्यक्षात धातूच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू फुटतो, म्हणजे धातू उत्प्रेरकाचे काम करतो. सुटे अणू मग स्फटिकातील मोकळ्या जागांत जाऊन बसतात. निरीक्षण मात्र पक्के निघाले.

मग आजही पॅलेडियमच का वापरत नाहीत?

पॅलेडियम महाग आणि जड आहे. त्यात मावणाऱ्या हायड्रोजनचे वजन एकूण वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी भरते. म्हणून लँथॅनम-निकेल, मॅग्नेशियम अशा पर्यायांवर संशोधन सुरू आहे. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी याच तत्त्वावर चालते.

१८६९ मध्ये, पॅलेडियमवरचे काम सुरू असतानाच, ६३व्या वर्षी ग्रॅहम यांचे निधन झाले. स्वस्त, हलका आणि हवा तेव्हा वायू सोडणारा धातू कोणता, याचे उत्तर आजच्या प्रयोगशाळाही शोधत आहेत.