सागरापलीकडची उपासिका : मेरी फॉस्टर

दानाचा विषय निघाला की आपल्या विहारात दोन नावं हमखास घेतली जातात. श्रावस्तीचा अनाथपिंडिक आणि मिगारमाता विशाखा. एकाने भगवंतांसाठी जेतवनाची जमीन घेतली, दुसरीने पूर्वाराम बांधून संघाला दिला. लहान मुलांनासुद्धा या गोष्टी पाठ आहेत. पण हे झालं अडीच हजार वर्षांपूर्वीचं. आपल्या आजा-पणजाच्या काळात, म्हणजे शे-सव्वाशे वर्षांमागे, असं दान कुणी केलं का, हा प्रश्न आम्ही कधी स्वतःला विचारत नाही. त्याचं उत्तर एका बाईच्या चरित्रात आहे. सारनाथला जाऊन मूलगंधकुटी विहारात माथा टेकवून आलेली कितीतरी कुटुंबं आपल्या वस्तीत आहेत. त्या विहाराच्या उभारणीत जिच्या पैशाचा मोठा वाटा आहे, त्या मेरी फॉस्टर यांची ओळख या स्मरणिकेच्या निमित्ताने उपासक-उपासिकांना करून द्यावी, असं आम्हाला वाटलं.

त्यांचं पूर्ण नाव मेरी एलिझाबेथ मिकाहाला रॉबिन्सन. जन्म सप्टेंबर १८४४ मध्ये, होनोलुलू शहरात. प्रशांत महासागराच्या मधोमध हवाई नावाची बेटं आहेत, त्या बेटांचं हे मुख्य शहर. आज हवाई अमेरिकेचं एक राज्य आहे, पण त्या काळी तिथं स्वतंत्र राजा होता, स्वतंत्र राज्य होतं. मेरीचे वडील जेम्स रॉबिन्सन हे इंग्रज. जहाजाचं सुतारकाम करणारा माणूस. १८२२ मध्ये त्यांचं जहाज खडकावर आपटून फुटलं. जी माणसं वाचली त्यांनी फुटलेल्या जहाजाची लाकडं जमवून एक छोटं गलबत बांधलं. त्यातून रॉबिन्सन होनोलुलूला पोचले आणि तिथेच त्यांनी जहाजं बांधायचा कारखाना काढला. हाताच्या कारागिरीवर ते श्रीमंत झाले. आई रिबेका हवाईच्या मातीतली, तिथल्या सरदार घराण्याशी नातं असलेली. म्हणजे मेरीच्या अंगात दोन्ही रक्तं होती, येणाऱ्यांचं आणि मूळच्या रहिवाशांचंही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

मेरीचं लग्न टॉमस फॉस्टर यांच्याशी झालं. बेटाबेटांमध्ये आगबोटी चालवण्याचा त्यांचा धंदा होता. या जोडप्याला मूलबाळ नव्हतं. १८८४ मध्ये त्यांनी होनोलुलूच्या नुउआनू भागातलं एक घर आणि त्याभोवतीची मोठी बाग विकत घेतली. या बागेचीही एक कहाणी आहे. १८५३ साली विल्यम हिलेब्रांट नावाच्या जर्मन डॉक्टरने राणी कलामाकडून ही जमीन भाडेपट्ट्याने घेतली होती. दिवसा रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात झाडं लावायची, असा त्या डॉक्टरचा परिपाठ. साता समुद्रापलीकडून रोपं, बिया आणून त्याने तिथं रुजवल्या. आपल्याकडची साळुंकी हवाईत नेली तीही त्यानेच. आज होनोलुलूच्या रस्त्यावर साळुंक्या उडताना दिसतात, त्या मूळच्या आपल्याकडच्या. डॉक्टर मायदेशी परत गेले, झाडं मात्र राहिली. फॉस्टर बाईंनी ती झाडं तोडली नाहीत. उलट त्यात भर घातली.

सुख फार दिवस टिकलं नाही. १८८९ मध्ये टॉमस वारले. बाईंचं वय तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास. पाठोपाठ देशावर संकट आलं. जानेवारी १८९३ मध्ये गोऱ्या बागायतदार-व्यापाऱ्यांनी अमेरिकन सैनिकांच्या बळावर राणी लिलीउओकलानी यांना गादीवरून खाली ओढलं. मेरी फॉस्टर या राणीच्या बाजूच्या होत्या. घरचा माणूस गेला, देशाचं राज्य गेलं. हातात पैसा भरपूर, पण मनाला थारा नाही. त्यात स्वभाव तापट. राग आला की आवरायचा नाही, आणि नंतर त्याचाच त्रास व्हायचा.

अशा वेळी, १८ ऑक्टोबर १८९३ रोजी, होनोलुलूच्या बंदराला एक आगबोट लागली. तिच्यात अनागारिक धर्मपाल होते. सिंहलद्वीपचा हा एकोणतीस वर्षांचा तरुण शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत बुद्धाचा धम्म सांगून परत निघाला होता. दोन वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, त्याने बुद्धगयेची दुर्दशा डोळ्यांनी पाहिली होती आणि महाबोधी सोसायटी स्थापन केली होती. काम डोंगराएवढं आणि खिशात दमडी नाही, अशी त्याची अवस्था. बोट थोडाच वेळ थांबणार होती. होनोलुलूची काही जिज्ञासू मंडळी त्यांना भेटायला बोटीवर गेली, त्यांत मेरी फॉस्टर होत्या.

त्यांनी काय विचारलं? स्वर्ग कुठे आहे, मेल्यावर काय होतं, असलं काही त्यांनी विचारलं नाही. माझा राग मला आवरत नाही, काय करू, असं त्यांनी आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या त्या तरुणाला विचारलं. धर्मपालांनीही मंत्र-तंत्र दिला नाही, गंडादोरा दिला नाही. राग उठायला लागला की तो उठतो आहे हे ओळखायचं आणि तो आवरण्याचा पक्का निर्धार मनाशी करायचा, एवढं साधं त्यांनी सांगितलं. बोट निघून गेली. बाईंनी मात्र ते नेटाने केलं, आणि त्यांना गुण आला. आम्हाला वाटतं, मेरी फॉस्टर यांच्या सगळ्या दानाचं मूळ इथं आहे. ज्या धम्माने आपलं मन ताब्यात आणायला शिकवलं, तो धम्म इतरांपर्यंत पोचावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यानंतर होनोलुलूहून पैसा येऊ लागला आणि तो जवळजवळ चाळीस वर्षं येत राहिला. धर्मपालांच्या कामाचा डोलारा या आधारावर उभा राहिला, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही. कलकत्त्यात भाड्याच्या जागेत दिवस काढणाऱ्या महाबोधी सोसायटीला स्वतःची वास्तू मिळाली. १९२० मध्ये तिथं धर्मराजिक विहार उघडला. कोलंबोमध्ये गोरगरिबांसाठी मोफत दवाखाना निघाला, त्याला बाईंनी आपल्या वडिलांचं नाव जोडलं. शाळा, छापखाना, पुस्तकं, नियतकालिक, सगळीकडे त्यांचा हात लागला. १९०६ मध्ये धर्मपालांचे वडील वारले. तोवर वडीलच त्यांना खर्चाला पैसे देत होते. तेव्हा धर्मपालांनी मेरी फॉस्टर यांना पत्र लिहून वडिलांच्या जागी त्यांना मानलं, आणि बाईंनी ते नातं शेवटपर्यंत निभावलं. रक्ताचं मूल नसलेल्या बाईने एका परक्या देशातल्या माणसाला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. भेटी थोड्या झाल्या, पण पत्रं आणि विश्वास यांवर ते सगळं चाललं.

बाईंनी आपल्या बेटावरची माणसंही विसरली नाहीत. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी जपानहून हजारो मजूर हवाईत आणले होते. ते बौद्ध होते. होनोलुलूच्या होंगवानजी बौद्ध मंदिरासाठी आणि शिक्षणाच्या कामासाठी फॉस्टर बाईंनी मदत केली. राजघराण्याशी ऊठबस असलेल्या श्रीमंत बाईने मजुरांच्या धर्माला आपला म्हणणं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

इथं एक गोष्ट आम्ही झाकून ठेवणार नाही. आम्ही गिरणीत राबलेली माणसं, पैसा कुठून आला हे विचारायची आम्हाला सवय आहे. फॉस्टर घराण्याचा पैसा आगबोटींचा आणि जमिनींचा होता. ओआहू बेटावर काहाना नावाचं मोठं खोरं आहे. तिथल्या लोकांनी मिळून, वर्गणी काढून ते खोरं घेतलं होतं. त्यांचे हिस्से एकेक करून मेरी फॉस्टर यांनी विकत घेतले आणि जवळजवळ सगळं खोरं त्यांच्या मालकीचं झालं. जमीनदार त्या होत्याच. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते खोरं तुकडे पडून विकलं गेलं नाही, डोंगरापासून समुद्रापर्यंत एकसंध राहिलं. त्यांच्या पश्चात कित्येक वर्षांनी, १९६०-७० च्या सुमारास, राज्य सरकारने ते घेतलं आणि राज्य उद्यान केलं. पाच हजार एकरांहून मोठं आहे ते. पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबं आजही त्या उद्यानात राहतात. दाता माणूसच असतो, त्याला देव करून ठेवायची गरज नाही. हातात आलेल्या जमिनीचं आणि पैशाचं शेवटी त्याने काय केलं, हे पाहावं.

आणि काय केलं याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे ती बाग. १९१३ मध्ये धर्मपाल मुद्दाम होनोलुलूला गेले, आपल्या या पालक बाईंचे आभार मानायला. जाताना त्यांनी एक रोप नेलं. अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचं रोप. संघमित्रा थेरीने बुद्धगयेहून सिंहलद्वीपाला जी फांदी नेली, तिचा हा वंश. ते रोप बाईंच्या बागेत लावलं गेलं. बुद्धगयेपासून अनुराधपूर, अनुराधपूरपासून होनोलुलू, असा त्या पिंपळाचा प्रवास झाला. शंभराहून जास्त वर्षं झाली, तो वृक्ष आजही तिथं उभा आहे.

डिसेंबर १९३० मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, मेरी फॉस्टर वारल्या. मृत्युपत्र उघडलं. राहतं घर आणि भोवतीची साडेपाच एकरांची बाग त्यांनी होनोलुलू शहराला देऊन टाकली होती. मात्र नुसती दिली नव्हती. शहराने ही बाग कायमची सांभाळायची आणि सगळ्या लोकांसाठी खुली ठेवायची, अशी अट कागदावर घातली होती. भर शहरातली जमीन! विकली असती तर केवढी किंमत आली असती! शहराने अट मान्य केली. १९३१ मध्ये बाग लोकांसाठी उघडली. डॉ. हॅरॉल्ड लायन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पुढे सत्तावीस वर्षं तिची देखभाल केली, हजारो नव्या जातींची झाडं आणली. शहराने शेजारच्या जागा जोडल्या आणि आज ती बाग साडेतेरा एकरांच्या घरात आहे. चारी बाजूंनी उंच इमारती झाल्या, शेजारून मोठा हमरस्ता गेला, तरी हिलेब्रांट डॉक्टरने लावलेली काही झाडं अजून सावली देतात. फॉस्टर बोटॅनिकल गार्डन हे तिचं नाव.

त्याच वर्षी, ११ नोव्हेंबर १९३१ रोजी, सारनाथला मूलगंधकुटी विहार उघडला. तो पाहायला मेरी फॉस्टर नव्हत्या, अकरा महिन्यांपूर्वीच त्या गेल्या होत्या. धर्मपालही पुढे फार जगले नाहीत. भिक्खू होऊन २९ एप्रिल १९३३ रोजी सारनाथलाच त्यांचं निर्वाण झालं. पण लावलेलं झाड वाढत राहिलं. महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात १९५० साली बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांच्या धम्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर सोसायटीचे सरचिटणीस देवप्रिय वलिसिंह हजर होते. ते धर्मपालांचेच शिष्य. पुढच्याच महिन्यात, महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी, बाबासाहेब सारनाथला जाऊन आले. हवाई बेटावरच्या एका बाईच्या दानाचा धागा असा आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोचतो.

धम्मबंधू-भगिनींनो, यातून आपण काय घ्यायचं? आपल्यापाशी बोटी नाहीत, बागा नाहीत. गिरणगावात मोकळी जमीन किती उरली, हे वेगळं सांगायला नको. पण मेरी फॉस्टर यांनी दोन गोष्टी शिकवल्या, त्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यालाही जमण्यासारख्या आहेत. पहिली, दान एका दिवसाच्या उत्साहाचं नसावं, वर्षानुवर्षं चालावं. वर्धापनदिनाला हजार रुपयांची पावती फाडून वर्षभर विहाराकडे पाठ फिरवण्यापेक्षा दर महिन्याला दहा रुपये देणारी आजीबाई मोठी. दुसरी, जे दिलं ते कुणी गिळणार नाही अशी तजवीज देतानाच करावी. किती वस्त्यांमध्ये विहाराची जागा दिली एकाने, कागद राहिला दुसऱ्याच्या नावावर आणि नातवांच्या काळात भांडणं लागली, हे आपण पाहतो. जागा ट्रस्टच्या नावावर हवी, कागद पक्का हवा, हिशेब भिंतीवर लावलेला हवा. आणि दारात एखादा पिंपळ असेल तर त्याच्या मुळाभोवती सिमेंट ओतू नये, त्याला श्वास घेऊ द्यावा.

सारनाथला पुढच्या वेळी जाल तेव्हा मूलगंधकुटी विहारात भगवंतांना वंदन करा, धर्मपालांना वंदन करा, आणि समुद्रापलीकडच्या या उपासिकेचीही आठवण काढा. मुलांना तिचं नाव सांगा. आपण तिचं एवढं देणं तरी लागतो.

जयभीम! नमो बुद्धाय!