डॉ. जॉन विल्सन आणि याकोबाची विहीर

प्रतिवर्षी ज्येष्ठ महिना उतरणीस लागला म्हणजे देहूहून व आळंदीहून पालख्या निघतात. देहूच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीस पडतो, आणि त्या रात्री कारखान्यांच्या पाळ्या सुटल्यावर आमच्या मंडळीतील कामकरी बंधूंस वारकऱ्यांच्या दाटीतून वाट काढीत घर गाठावे लागते. अशा मुलखात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या मनात, आपल्याही प्रभूची भूमी एकदा डोळ्यांनी पाहावी, असे यावे यात नवल ते काय? सन २०२३ च्या उन्हाळ्यात असेच एक वृद्ध बंधू आमच्याकडे आले. भोसरीच्या कारखान्यात उभी हयात घालवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. हातात यरुशलेमच्या सहलीचे रंगीत पत्रक होते. फंडाची रक्कम या प्रवासात घालावी की धाकट्या कन्येच्या शिक्षणासाठी राखून ठेवावी, असा त्यांचा प्रश्न होता. घरात या गोष्टीवरून दोन आठवडे अबोला होता, हेही त्यांनी संकोचाने सांगितले. आम्ही त्यांस हो म्हटले नाही व नाहीही म्हटले नाही. मुंबईच्या डॉ. विल्सन यांची हकीकत तेवढी सांगितली. तीच येथे वाचकांपुढे ठेवीत आहो.

जॉन विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडातील लॉडर या लहानशा गावी झाला. घराणे शेतकऱ्यांचे. विद्याभ्यास एडिंबरो येथे झाला आणि १८२९ च्या फेब्रुवारीत, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते पत्नी मार्गरेट यांच्यासह मुंबईस उतरले. प्रथम मराठी शिकावी म्हणून दोघे कोकणात बाणकोट व हर्णे येथे जाऊन राहिली. थोड्याच महिन्यांत ते मराठीत उपदेश करू लागले. पुढे मुंबईस येऊन १८३१ साली त्यांनी अवघ्या आठ जणांची मंडळी स्थापिली. मार्गरेटबाईंनी मुलींच्या शाळा उघडल्या. पण १८३५ च्या एप्रिलात त्या मुंबईतच निवर्तल्या. आज चौपाटीवर ज्या महाविद्यालयास विल्सन यांचे नाव आहे त्याचे मूळ १८३२ सालच्या एका शाळेत आहे.

त्यांच्या एका लहानशा पुस्तकाचा उल्लेख केल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. कोकणात बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते. शनिवारी ते तेलाचे घाणे बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांची बोली मराठी. पूर्वजांची इब्री भाषा बहुतेक विसरलेली. या लोकांस आपले शास्त्र मूळ भाषेत वाचता यावे म्हणून डॉ. विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून इब्री भाषेचे व्याकरण छापिले. म्हणजे पवित्र भूमीत पाऊल ठेवण्यापूर्वी अकरा वर्षे अब्राहामाची लेकरे त्यांस अष्टागरच्या वाड्यांत भेटली होती.

विल्सन यांचे सर्वच काम आम्हांस सारखे आवडते असे नाही. हिंदू पंडितांशी व पारशी दस्तुरांशी त्यांचे जे वाद झाले त्यांत विद्वत्ता मोठी, परंतु भाषा पुष्कळदा धारदार. त्यापेक्षा सौम्य बोलणे अधिक दूर गेले असते असे आमचे मत आहे. या वादांच्या काळातच, १ मे १८३९ रोजी, धनजीभाई नवरोजी या सतरा वर्षांच्या आत असलेल्या पारशी विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला. सगळा पारशी समाज खवळला. नातलगांनी सुप्रीम कोर्टात अर्ज केला. कोर्टाने मुलास त्याच्या मर्जीप्रमाणे जाण्याची मोकळीक दिली, आणि तो मिशनगृहात परत आला. पण पुष्कळ आईबापांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली व भरलेले वर्ग ओस पडले. एका मुलाच्या निश्चयाची किंमत मंडळीने भरली, आणि आपल्या घरादाराला अंतरलेल्या त्या मुलाने तर त्याहून अधिक भरली.

चौदा वर्षांच्या श्रमाने विल्सन यांची प्रकृती ढासळली व त्यांस स्वदेशी जाणे प्राप्त झाले. सरळ मार्गाने न जाता पवित्र शास्त्रातील देश पाहत जावे असे त्यांनी ठरविले. सोबतीस धनजीभाई होते. १८४३ च्या जानेवारीत आगबोटीने मुंबई सोडून ते सुएझ येथे उतरले. कैरोहून उंटांवरून सीनायच्या रानात शिरले. सीनायच्या पायथ्याशी संत कॅथरिनचा जुना मठ आहे. त्या काळी लुटारूंच्या भयाने त्याचे खालचे दार चिणलेले असे आणि पाहुण्यास उंच खिडकीतून दोराने वर ओढून घेत. तेथून अदोमच्या डोंगरांतील पेट्रा हे खडकात कोरलेले नगर पाहून ते हेब्रोनास आले. अब्राहाम व सारा यांस जेथे पुरले त्या मकपेलाच्या गुहेवर मशीद उभी होती व ख्रिस्ती माणसास आत प्रवेश नव्हता. भिंतीबाहेरूनच पाहून त्यांस पुढे जावे लागले. यरुशलेमातही मंदिराच्या आवाराची तीच गत होती.

या प्रवासाचा दोन भागांचा मोठा ग्रंथ विल्सन यांनी १८४७ साली एडिंबरो येथे प्रसिद्ध केला. तो वाचावयास सोपा नाही. गावांची नावे, अरबी शब्द, अंतरे, खडकांचे प्रकार, यहूदी लोकांची खानेसुमारी, पूर्वेकडील निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या समजुती, यांनी पानेच्या पाने भरली आहेत. आपल्या अंतःकरणात काय झाले हे सांगण्यास लेखक फार कचरतो. एखाद्या भाविक वाचकास वाटेल की हा यात्रेकरू नसून मोजणीदारच होता! आम्हांस पूर्वी तसेच वाटत असे. पण ज्या मनुष्याने गिरनारच्या शिलालेखाची नक्कल मिळवून ती कलकत्त्यास प्रिन्सेप यांच्याकडे वाचनासाठी पाठविली, त्याच्या भक्तीची रीत निराळी होती. मार्गदर्शकाने बोट दाखवून येथे अमुक घडले म्हणावे आणि आपण डोळे मिटून मान लववावी, हे त्यांस साधत नसे. शास्त्रातील वचन, गावाचे जुने नाव, पाण्याची जागा व वाटेचे वळण ही जुळली तरच ते स्थळ मान्य करीत. खोट्या जागेवर खरे अश्रू ढाळू नयेत, असा त्यांचा बाणा दिसतो.

आणि एका जागेविषयी त्यांस शंका उरली नाही. ती शखेमाजवळची याकोबाची विहीर. शखेमास आता नाब्लुस म्हणतात. गरिज्जीम पर्वताच्या पायथ्याशी शेतांच्या कडेला ही विहीर आहे. दुपारच्या वेळी थकलेला प्रभू तिच्यापाशी बसला आणि घागर घेऊन आलेल्या शोमरोनी बाईजवळ त्याने पाणी मागितले, हे आमच्या खेड्यांतील लेकरांसही ठाऊक आहे. कोणाचे पाणी कोणास चालते आणि कोणाचे चालत नाही, हे ज्यांनी पाणवठ्यावर उभे राहून सोसले आहे, त्यांस तो अध्याय समजावून सांगावा लागत नाही. आमच्या पुष्कळ मंडळ्यांतील वाडवडील असेच दूर उभे राहत आणि कोणी वरून पाणी ओतील याची वाट पाहत.

या विहिरीची एक गोष्ट विल्सन यांच्या येण्याच्या चार वर्षे आधी घडली होती. १८३९ साली स्कॉटलंडच्या मंडळीने यहूदी लोकांची स्थिती पाहण्यासाठी काही पाळकांस पाठविले. त्यांत अँड्र्यू बोनार नावाचे तरुण पाळक होते. विहिरीत वाकून पाहताना त्यांच्याजवळचे पवित्र शास्त्राचे पुस्तक निसटले आणि खाली गेले. ते काढण्याचे साधन जवळ नव्हते, म्हणून हळहळत ते पुढे निघून गेले. विल्सन यांस ही हकीकत ठाऊक होती. १८४३ साली ते तेथे पोहोचले तेव्हा त्यांनी विहिरीच्या तोंडावरील धोंडे दूर करविले, दोर आणविले आणि एका शोमरोनी मनुष्यास दोराने बांधून आत सोडले. योग असा की त्याचेही नाव याकोबच होते.

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी जुन्या विहिरीचा गाळ काढला आहे त्यांस त्या वेळचे काठावरील मौन कळेल. दोर हातातून सरकत असतो. खाली गेलेल्याचा आवाज घुमून येतो, शब्द कळत नाही. विहीर त्या वेळी बहुतेक कोरडी होती. तळाशी उजेड करून शोध चालला, आणि अखेर ते पुस्तक सापडले. चार वर्षे ओलीत पडून त्याची दशा झाली होती. तरी ते पुस्तक तेच होते. विहीर मोजली ती पाऊणशे फूट खोल व सुमारे नऊ फूट रुंद भरली.

येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. १६९७ साली मॉन्ड्रेल नावाच्या इंग्रज पाळकाने हीच विहीर मोजली होती. ती तेव्हा १०५ फूट होती आणि तळाशी पंधरा फूट पाणी होते. दीडशे वर्षांत तीस फूट कोठे गेले? वरचा ढिगारा ढासळला हे एक कारण. आणि दुसरे असे की जो यात्रेकरू येई तो खोली अजमावण्यासाठी एक दगड आत टाकी व कान लावून आवाज ऐके. पुढे सफाई झाल्यावर ती पाऊणशे फुटांहून पुष्कळ अधिक खोल निघाली. आता तिच्यावर ग्रीक मंडळीचे मोठे मंदिर आहे, आणि पोहऱ्याने पाणी काढून यात्रेकरूंस देतात.

शखेमात शोमरोनी लोकांची तेव्हा शे-दीडशे माणसे उरली होती. विल्सन यांनी त्यांच्या याजकाशी बसून त्यांचे पंचग्रंथ, सण व आशा यांविषयी बारकाईने विचारपूस केली. मार्गरेटच्या मरणानंतर एकाकी झालेला हा मनुष्य अशा विसरलेल्या लहान लोकसमूहांकडेच फिरून फिरून का ओढला जाई, हे आम्ही सांगू शकत नाही. कोकणातले बेने इस्राएल काय आणि गरिज्जीमचे शोमरोनी काय, दोहोंपाशी तो शिकणारा होऊनच बसला. आणि धनजीभाई? आपले सगेसोयरे अंतरलेला वीस-एकवीस वर्षांचा तो तरुण त्या विहिरीच्या काठी काय मनात आणीत असेल, याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे. प्रभू जेथे परक्या जातीच्या बाईशी बोलला तेथे मुंबईचा एक पारशी उभा होता.

गालील, दिमिष्क, लेबानोन करीत ही मंडळी युरोपाकडे वळली. विल्सन वाटेत असतानाच, १८ मे १८४३ रोजी, स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडली. गावच्या जमीनदाराने मंडळीवर पाळक लादावा, की मंडळीने आपला पाळक आपण पत्करावा, हा तंट्याचा मुद्दा होता. साडेचारशेंहून अधिक पाळक घरे व वेतने सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापिले. विल्सन त्यांस मिळाले. मुंबईतील त्यांच्या सहकाऱ्यांनीही तेच केले. परिणाम असा झाला की ज्या शाळेच्या नव्या इमारतीसाठी त्यांनी वर्षानुवर्षे खपून पैसा जमविला होता, ती पुरी होत आली असता हातची गेली. यात्रेस निघाले तेव्हा त्यांच्यामागे एक इमारत होती. परत आले तेव्हा भाड्याच्या जागेपासून आरंभ करावयाचा होता.

पण ते परत आले. स्वदेशात मानाची जागा त्यांस कठीण नव्हती. धनजीभाईंनी एडिंबरो येथे धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केला, १८४६ साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली, आणि १८४७ साली दोघेही मुंबईस आले. विल्सन यांनी त्याच सुमारास इझाबेला डेनिस्टन यांच्याशी दुसरा विवाह केला होता. त्याही १८६७ साली मुंबईत वारल्या. पुढील वर्षांत विल्सन मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १८७० साली फ्री चर्चच्या महासभेचे अध्यक्ष झाले, आणि त्या सन्मानानंतर पुन्हा मुंबईलाच परतले. १ डिसेंबर १८७५ रोजी त्यांनी येथेच देह ठेविला. धनजीभाई १९०८ पर्यंत जगले व जवळजवळ साठ वर्षे त्यांनी सेवा केली.

ही हकीकत ऐकून आमचे वृद्ध बंधू बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विहिरीतील पुस्तकाची गोष्ट पुन्हा सांगावयास लावली, आणि तो याकोब वर आल्यावर त्याला काही बक्षीस मिळाले की नाही, असे विचारले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तिकडे युद्ध पेटले व ती सहल निघालीच नाही. कन्येची फी त्यांनी भरली आहे. यरुशलेमचे पत्रक मात्र त्यांच्या पवित्र शास्त्रात योहानाच्या चवथ्या अध्यायापाशी ठेवलेले आम्ही गेल्या महिन्यात पाहिले.