लोकवाणीत ईशस्तवन नेणारा तत्त्वज्ञ : संत सिरिल

इसवी सनाच्या नवव्या शतकात युरोपातील अनेक धर्मपंडितांचा असा समज होता की, परमेश्वराची विधियुक्त उपासना हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तीन भाषांतच व्हावी. ख्रिस्ताच्या क्रुसावर लावलेला लेख या तीन भाषांत होता, हा त्यांचा आधार. या समजुतीला प्रत्यक्ष रोममध्ये जाऊन ज्यांनी छेद दिला, ते संत सिरिल. गीतार्थ मराठीत ऐकण्याचे भाग्य ज्ञानदेवांमुळे लाभलेल्या वाचकांस हे चरित्र परधर्मातील असूनही परके वाटू नये.

त्यांचे मूळ नाव कॉन्स्टंटाइन. ग्रीसमधील थेस्सलोनिकी नगरात इ. स. ८२७ च्या सुमारास एका सेनाधिकाऱ्याच्या घरी सातवे अपत्य म्हणून ते जन्मले. नगराभोवती स्लाव लोकांची वस्ती दाट असल्याने ती बोली त्यांच्या व ज्येष्ठ बंधू मेथोडियस यांच्या कानी बालपणापासून होती. चरित्रकार सांगतात की, सातव्या वर्षी त्यांना स्वप्न पडले. नगरातील साऱ्या कन्यांतून वधू निवडण्यास सांगितले असता त्यांनी सोफिया, म्हणजे प्रज्ञा, हिला वरले. पुढे कॉन्स्टंटिनोपल येथे व्याकरण, भूमिती, तर्क, ज्योतिष यांचे अध्ययन करून ते ‘तत्त्वज्ञ’ या उपाधीने ओळखले जाऊ लागले. इ. स. ८६० च्या सुमारास खझार लोकांकडे धर्मचर्चेसाठी जाताना क्रिमियात त्यांनी हिब्रूचा अभ्यास केला. तेथेच प्राचीन पोप क्लेमेंट यांच्या म्हणून मानल्या गेलेल्या अस्थी त्यांना मिळाल्या. या अस्थींची कथा पुढे येणार आहे.

इ. स. ८६२ मध्ये मोराविया (आजच्या चेक व स्लोवाक देशांतील प्रदेश) येथील राजा रास्तिस्लाव याने बायझंटाईन सम्राटाकडे विनंती पाठविली की, आमच्या प्रजेला तिच्या भाषेत धर्म सांगणारा आचार्य द्यावा. कॉन्स्टंटाइन यांनी प्रथम विचारले की, त्या लोकांना लिपी आहे काय? लिपीवाचून उपदेश म्हणजे पाण्यावर लिहिणे, हा त्यांचा अभिप्राय. ग्रीक वर्णमालेत ‘च’, ‘श’ यांसारख्या ध्वनींना अक्षरेच नाहीत आणि स्लाव बोली तर अशा वर्णांनी भरलेली! तालव्य वर्ण ज्याने शिक्षा-ग्रंथांतून घोकले आहेत, त्याला ही अडचण चटकन उमगेल. प्रार्थनेनंतर देवाने त्यांना अक्षरे प्रकट केली, असे भाविक चरित्रकार म्हणतो. भाषापंडित त्यांच्या सूक्ष्म श्रवणाला श्रेय देतात. ही लिपी ‘ग्लागोलिटिक’ नावाने प्रसिद्ध आहे. तिच्यात शुभवर्तमानाची वचने, स्तोत्रे आणि उपासनाविधी उतरले. आज ‘सिरिलिक’ म्हणून ओळखली जाणारी लिपी त्यांच्या शिष्यपरंपरेत बल्गेरियात नंतर सिद्ध झाली. नाव मात्र गुरूचे.

मोरावियात तीन वर्षांहून अधिक काळ बंधूंनी शिष्य घडविले. फ्रँक धर्मगुरूंना हे रुचले नाही. वाद भाषेचा म्हणून मांडला गेला, तरी त्या भूमीवर अधिकार कोणाचा, हे त्याचे खरे मर्म होते असे मला वाटते. इ. स. ८६७ मध्ये व्हेनिस येथे विरोधकांनी कॉन्स्टंटाइन यांना गाठले. पाऊस आणि सूर्य सर्वांसाठी असताना वाणी तीनच कशा, असा त्यांचा युक्तिवाद होता. आर्मेनियन, जॉर्जियन आदी जाती स्वभाषेत भजतात, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

रोममध्ये पोप दुसरे अद्रियन यांनी क्लेमेंट यांच्या अस्थींसह आलेल्या या बंधूंचे थाटाने स्वागत केले. स्लाव ग्रंथांना आशीर्वाद मिळाला आणि सेंट पीटर मंदिरात स्लाव भाषेत उपासना गायिली गेली. पण कॉन्स्टंटाइन यांचा देह थकला होता. मृत्युशय्येवर त्यांनी यतिदीक्षा घेऊन ‘सिरिल’ हे नाव धारण केले आणि मेथोडियसला विनविले की, पर्वतावरील एकांताच्या ओढीने हे कार्य सोडू नकोस. दि. १४ फेब्रुवारी ८६९ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. ज्यांच्या अस्थी त्यांनी आणल्या, त्याच क्लेमेंट यांच्या मंदिरात त्यांची समाधी झाली.

मेथोडियसने बंधूचा शब्द पाळला. त्यासाठी बव्हेरियन बिशपांच्या कैदेत सुमारे तीन वर्षे काढली. इ. स. ८८५ मध्ये त्यांच्या निधनानंतर पोप पाचवे स्टीफन यांनी स्लाव उपासनेस मनाई केली आणि शिष्य हाकलले गेले. हा घाव मोठा होता. परंतु तेच शिष्य बल्गेरियात पोचले आणि इ. स. ९८८ नंतर रशियाने ती वाणी स्वीकारली.

सिरिल यांच्या निधनाला बरोबर सहस्र वर्षे झाली, त्या १८६९ साली झारच्या सरकारने साम्राज्यातील कॅथलिकांच्या पूरक प्रार्थना व प्रवचने पोलिशऐवजी रशियनमध्ये करण्याचा मार्ग खुला केला. पश्चिम प्रांतांतील श्रद्धावंतांनी त्यास विरोध केला. लोकभाषा राजाज्ञेने आली की तीही परकी होते! उलट बायझंटाईन विधीचे रशियन कॅथलिक सिरिल यांची पुरातन स्लाव वाणीच निष्ठेने जपत राहिले. त्यांचे धर्माध्यक्ष लिओनिद फेदोरोव्ह यांना १९२३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली, सोलोव्हेत्स्की बेटांवरील बंदिवास घडला, आणि १९३५ साली व्याट्का येथे त्यांचा अंत झाला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना लॅटिन विधीत वाट दिली. आज रशियातील लॅटिन विधीचे कॅथलिक प्रामुख्याने रशियन भाषेत प्रार्थना करतात. बायझंटाईन विधीच्या मंदिरांत मात्र चर्च-स्लाव वाणीच घुमते. अशिक्षितालाही कळावी म्हणून सिरिल यांनी घडविलेली ती वाणी आता आर्ष झाली असून तिचे कित्येक शब्द नव्या रशियन भाविकाला समजावून सांगावे लागतात.