पाचगणीचा ‘बकी’

चौलच्या खाडीच्या मुखाशी कोर्लईचा किल्ला आजही समुद्राकडे तोंड करून उभा आहे. एके काळी या बंदरातून कापडाने भरलेली गलबते अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला जात आणि वारे फिरले की परतत. पुढे पोर्तुगीज गेले, चौलचे वैभव ओसरले, परंतु पश्चिम भारत आणि आफ्रिका यांच्यातील ही सागरी वहिवाट मोडली नाही. ती मुंबईकडे आली, इतकेच. १९५० च्या दशकाच्या मध्यास याच वहिवाटेने झांझिबारहून एक लहानगा पारशी मुलगा मुंबईत उतरला. वडील बोमी बुलसारा झांझिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलाचे नाव फारुख. आडनाव जुन्या बुलसारचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी या नावाने ओळखले.

५ सप्टेंबर १९४६ रोजी जन्मलेल्या फारुखला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घालण्यात आले. वाईहून पसरणीचा घाट चढून गेल्यावर लागणारे हे थंड हवेचे गाव ब्रिटिशांच्या काळापासून निवासी शाळांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. स्वातंत्र्य मिळून काही वर्षे लोटली होती, तरी तेथील शिस्त विलायती वळणाचीच होती. आईवडील समुद्रापलीकडे, सुट्या मुंबईला नातेवाइकांकडे. जबड्यात चार दात जास्तीचे असल्याने पुढचे दात बाहेर आलेले. त्यावरून मुलांनी त्याला ‘बकी’ हे नाव ठेवले. फ्रेडी हे नावही येथलेच. मुलगा बुजरा होता. पण पियानोपुढे बसला की निराळाच होई. रेडिओवर एकदा ऐकलेली चाल तो लगेच बोटांखाली आणत असे. मुख्याध्यापकांनी हे हेरले आणि त्याला पियानोची स्वतंत्र शिकवणी मिळाली.

१९५८ च्या सुमारास पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांची गाणी ही मुले शाळेच्या समारंभांत वाजवीत. (क्लिफ रिचर्डचा जन्म लखनौचा, हा योगायोग त्या मुलांना ठाऊक होता की नाही कोण जाणे.) या पाचांपैकी एक जण पुढे ब्रिटनमध्ये अभिनेता झाला, तर एक नेपाळच्या सैन्यात सेनापती. गंमत अशी की बँडचा मुख्य गायक फारुख नव्हताच. तो पियानोवर असे.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४ मध्ये, तेथे रक्तरंजित क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंबाला हाताशी येईल तेवढे घेऊन इंग्लंड गाठावे लागले. लंडनच्या विमानतळानजीक फेल्टममध्ये त्यांनी संसार पुन्हा मांडला. फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये पदविका मिळवली, हीथ्रो विमानतळावर सामान उचलण्याचे काम केले, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या ‘स्माइल’ बँडचा गायक बाहेर पडला, तेव्हा १९७० मध्ये ती जागा त्याने घेतली. बँडचे नाव बदलून ‘क्वीन’ केले, स्वतःचे आडनाव बदलून मर्क्युरी केले आणि बँडचे राजचिन्हही स्वतःच रेखाटले. १९७१ मध्ये जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली.

ब्रिटनमध्ये तो काळ गिटारवाल्यांच्या बँडचा होता. बीटल्स नुकतेच विलग झाले होते. ‘लेड झेपेलिन’चे नाव सर्वतोमुखी होते. त्याच बँडच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनी १९७२ मध्ये मुंबईत येऊन येथील वादकांसोबत दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रणही केले होते. १९७३ मध्ये क्वीनचा पहिला अल्बम आला, तेव्हा त्यावर झेपेलिनच्या अनुकरणाचा शिक्का बसला आणि तो अगदीच निराधार नव्हता. मात्र एक फरक पहिल्यापासून होता. झेपेलिनची मुळे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्ये होती. फ्रेडीची ओढ ऑपेरा, नाटकशाळा आणि पियानोकडे होती. ब्रायन मेने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार घडविली होती आणि तिच्या मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले होते. या गिटारचे सूर एकावर एक रचून तो अख्ख्या वाद्यवृंदाचा भास निर्माण करी. १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त या दोन्ही प्रवृत्ती एकत्र आल्या. सुमारे सहा मिनिटांचे, ध्रुपद नसलेले हे गाणे रेडिओवर चालणार नाही असे जाणकारांचे मत होते. ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

नवे प्रतिस्पर्धी मात्र क्वीनच्या एका गैरहजेरीतून पुढे आले. १ डिसेंबर १९७६ रोजी लंडनच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात क्वीनला जायचे होते. ते जमले नाही. फ्रेडीला त्या दिवशी दंतवैद्याकडे जायचे होते, असे सांगितले जाते. ऐनवेळी ‘सेक्स पिस्टल्स’ना पाठविण्यात आले. त्यांनी थेट प्रक्षेपणात शिवीगाळ केली आणि दुसऱ्या दिवशी पंक हा शब्द देशभर झाला. तीन स्वरांत, तीन मिनिटांत, रागाने बोलणारे हे संगीत क्वीनच्या भरजरी थाटाला उघड आव्हान होते. क्वीनने दिलेले उत्तर शहाणपणाचे होते. १९७७ च्या ‘वी विल रॉक यू’मध्ये ढोल नाही, फळ्यांवर आपटलेले पाय आणि टाळ्या आहेत, गिटार येते ती अगदी शेवटी. श्रोत्यांनाच वाद्य करण्याची ही युक्ती होती.

१९८० च्या दशकात मात्र चुका झाल्या. १९८२ चा ‘हॉट स्पेस’ डिस्कोच्या नादी लागलेला होता आणि आज क्वीनचे सर्वांत म्हातारे झालेले काम तेच वाटते. १९८४ मध्ये सांस्कृतिक बहिष्कार डावलून त्यांनी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतील सन सिटीत कार्यक्रम केले. आफ्रिकेत जन्मलेल्या आणि सावळ्या वर्णाच्या गायकाने तेथे जावे, हे समर्थनीय नव्हते. बँडला दंड झाला, नाचक्कीही झाली.

त्यानंतर वर्षभराच्या आतच, १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी ‘लाइव्ह एड’ झाला. वेम्बलीच्या मैदानावर क्वीनला वीसेक मिनिटे मिळाली. फ्रेडी पियानोशी बसला, मग उठला आणि सत्तरेक हजारांच्या जमावाकडून त्याने शाळेतल्या मास्तरासारखी स्वरांची उजळणी करून घेतली. त्याच दिवशी फिलाडेल्फियात लेड झेपेलिनचे उरलेले तिघे एकत्र आले होते. ढोलकवादक जॉन बॉनहॅम १९८० मध्ये गेल्यावर त्यांनी बँड थांबवला होता. त्या दिवशी त्यांचे सूर जुळले नाहीत आणि पुढे त्या ध्वनिचित्रफितीच्या प्रकाशनालाही त्यांनी नकार दिला.

९ ऑगस्ट १९८६ चा नेबवर्थचा कार्यक्रम फ्रेडीचा क्वीनसोबतचा अखेरचा ठरला. १९८७ मध्ये एचआयव्हीचे निदान झाले. जवळच्या मोजक्यांखेरीज त्याने ते कोणास सांगितले नाही. एड्सचे नाव घेतले की माणसे दूर सरत, असा तो काळ होता. शरीर खंगत असताना तो गात राहिला आणि ‘इन्युएन्डो’ पूर्ण केला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजार जाहीर केला. दुसऱ्या दिवशी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. आयुष्यभर ज्या ओळखीबद्दल तो क्वचितच बोलला, तिच्याच प्रार्थना त्याच्यासाठी म्हटल्या गेल्या.

काळाने या तिघांचे काय केले? झेपेलिनचे संगीत जाणकारांच्या घरी मानाने राहते. गिटार शिकणारा प्रत्येक जण त्यांच्या दारावरून जातो. पिस्टल्सचा एकुलता स्टुडिओ अल्बम आता संगीतापेक्षा इतिहास म्हणून अधिक ऐकला जातो. समीक्षकांनी ज्यांना दिखाऊ ठरवले, त्या क्वीनच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ने मात्र २०२२ मध्ये एकट्या ब्रिटनमध्ये ७० लाख प्रतींचा टप्पा ओलांडला. २०१८ च्या चरित्रपटाने नवी पिढी त्यात भरती केली. त्या चित्रपटात पाचगणीला जवळजवळ स्थान नाही.

भारतात क्वीनसह फ्रेडीचा कार्यक्रम कधीच झाला नाही. येथे त्याला रंगमंचावर पाहिले ते सेंट पीटर्सच्या मुलांनी आणि शिक्षकांनी. तेही मागे, पियानोशी बसलेला, आणि पुढे गाणारा मुलगा दुसराच.