डॉ. मॉन्टेसरींची पहिली मुले

एखाद्या बंगल्यावर ‘मॉन्टेसरी’ अशी पाटी दिसली की आपल्या डोळ्यांपुढे नीटनेटकी चिमुरडी मुले, रंगीत ठोकळे आणि पालकांच्या खिशाला जड जाणारी फी उभी राहते. ज्या बाईंचे हे नाव, त्यांनी हे शिक्षण-साहित्य प्रथम कोणासाठी हाती घेतले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ती पहिली मुले बंगल्यांत राहणारी नव्हती. ती रोमच्या वेड्यांच्या इस्पितळांत होती, आणि जगाने त्यांच्या नावाने केव्हाच हात झटकले होते.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियारावाल्ले या गावी झाला. वडील सरकारी नोकर आणि जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे मात्र वाचनाची आवड असलेली, लेकीच्या पाठीशी उभी राहणारी. मारिया पाच वर्षांची असताना हे कुटुंब रोमला आले. मुलीने शिकून फार तर शिक्षिका व्हावे, असा तो काळ. मारियाने मुलांच्या तांत्रिक शाळेची वाट धरली आणि पुढे वैद्यकाकडे वळली. वडिलांना ते रुचले नाही. मुलग्यांच्या देखत शवविच्छेदन करणे मुलीला शोभत नाही, म्हणून तिला ते काम सगळे गेल्यावर संध्याकाळी एकटीने करावे लागे. तरीही १८९६ साली ती रोम विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडली.

१८९७ साली डॉक्टर मॉन्टेसरी विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात साहाय्यक म्हणून काम करू लागल्या. उपचारासाठी रुग्ण निवडायला त्यांना शहरातील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तिथे मोठ्या माणसांबरोबर लहान मुलेही कोंडलेली असत. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अपस्मार अशी वेगवेगळी नावे आज आपण वापरतो. त्या काळी बहुतेकांवर एकच शिक्का बसे. स्वमग्नतेचे तर स्वतंत्र वर्णनही तेव्हा झाले नव्हते. ते रशियात ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२०च्या दशकात आणि अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली केले. शिक्का बसला की पुढे काही करायचे उरत नसे.

अशाच एका खोलीची हकीकत त्यांचे चरित्रकार सांगतात. जेवण झाल्यावर मुले जमिनीवर पडलेले पावाचे कण वेचीत बसत. देखरेख करणारी बाई ते पाहून नाक मुरडी. तिला तो अधाशीपणा वाटे. मॉन्टेसरींनी खोलीभर नजर फिरवली. चार भिंतींत हाताळण्याजोगी दुसरी एकही वस्तू नव्हती. मुलांची भूक पोटाची नव्हती, हातांची होती. डॉक्टरी पेशातल्या बाईंना इथे औषधापेक्षा शिक्षणाचा प्रश्न दिसला, आणि त्यांच्या आयुष्याची दिशा इथेच बदलली.

मग त्यांनी दोन फ्रेंच वैद्यांचे जुने, धूळ खात पडलेले ग्रंथ शोधून काढले. पहिले इतार. १८०० साली रानात सापडलेल्या, बोलता न येणाऱ्या व्हिक्टर नावाच्या मुलाला शिकवण्यासाठी त्यांनी सुमारे पाच वर्षे खपली घातली होती. दुसरे त्यांचे शिष्य सेगँ, ज्यांनी ज्ञानेंद्रिये आणि हातपाय यांच्या सरावातून शिकवण्याची पद्धत बसवली. मॉन्टेसरींनी हे ग्रंथ स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले, कारण लिहिताना शब्द न्‌ शब्द मनात मुरतो.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी एक संस्था निघाली. डॉ. मोंतेसानो आणि मॉन्टेसरी तिचे संचालक झाले. मॉन्टेसरी सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत मुलांत असत. अकरा वर्षांच्या एका मुलीला काही केल्या शिवण जमेना. बाईंनी सुई बाजूला ठेवली आणि तिला कागदाच्या पट्ट्या एकाआड एक गुंफून चटई विणायला दिली. ते हाताला बसल्यावर पुन्हा सुई दिली, तेव्हा मुलगी रफू करू लागली. यातून त्यांना एक तत्त्व गवसले. एखादे काम जमत नसेल तर तेच पुन्हापुन्हा करून घेऊ नये. त्या कामातली हालचाल वेगळी काढून आधी शिकवावी. लाकडी अक्षरांवरून बोट फिरवीत मुले याच वाटेने लिहायला शिकली.

त्यांतली काही मुले सर्वसामान्य मुलांबरोबर सार्वजनिक परीक्षेला बसून उत्तीर्ण झाली. लोक थक्क झाले. बाईंच्या मनात निराळाच प्रश्न आला: ही मुले इथवर येतात, तर धडधाकट मुले आपल्या शाळांत इतकी मागे का राहतात? या एका प्रश्नाने पुढे जगभर बालशिक्षण बदलले.

याच वर्षांत त्यांच्या आयुष्यात एक खोल जखम झाली. ३१ मार्च १८९८ रोजी त्यांना मारिओ हा मुलगा झाला, वडील डॉ. मोंतेसानो. लग्न झाले नव्हते. ही गोष्ट उघड झाली असती तर सारे काम बुडाले असते. बाळ एका खेड्यात दुसऱ्यांकडे वाढायला ठेवले गेले. १९०१ साली मोंतेसानोंनी दुसरीशी विवाह केला आणि मॉन्टेसरींनी ती संस्था सोडली. परक्यांच्या टाकलेल्या मुलांना जवळ घेणाऱ्या आईला स्वतःचे मूल मात्र घरी आणता आले नाही. आजी वारल्यानंतर, पंधराएक वर्षांचा झाल्यावर, मारिओ त्यांच्याजवळ राहायला आला. तरीही पुढे कितीतरी वर्षे जगापुढे तो त्यांचा भाचा म्हणूनच वावरला.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले, आणि कीर्ती दाराशी चालून आली. इथेच एक गोष्ट खटकते. साहित्य बालगृहात गेले, बालगृहातून जगभर गेले. पण ज्यांच्यापासून ते शिकून घेतले ती मुले मागेच राहिली. बाईंची त्या काळची भाषा आणि मुलांच्या कवट्या मोजण्याचे ते शास्त्र आज आपल्याला पटणार नाही. परीक्षा उत्तीर्ण होणारी मुले थोडी होती. न होणाऱ्यांचे मोल त्यामुळे कमी ठरत नाही, हेही आज स्पष्टपणे म्हणायला हवे.

१९३४ साली मुसोलिनीशी बिनसल्यावर इटलीतील त्यांच्या शाळा बंद पडू लागल्या. १९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओसह मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि मायलेक इंग्रज सरकारच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. आई अड्यारच्या आवारात अडकली. मुलाला थेट आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत स्थानबद्ध केले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४० रोजी, व्हाइसरॉयची तार आली: भेट म्हणून मुलगा परत पाठवीत आहोत. जो भाचा म्हणून ओळखला जात होता, तो सरकारी तारेत पुत्र म्हणून आला. त्यानंतर तो तसाच राहिला. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये बाईंनी देह ठेवला.

महाराष्ट्राने त्यांचे ऋण ओळखले. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला आणि हीच दृष्टी पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता यांसह २१ प्रकारच्या अक्षमतांना मान्यता दिली आहे. कायदा शाळेचे दार उघडतो. आतल्या बाकावर त्या मुलाला जागा द्यायची की नाही, हे वर्गातली माणसे ठरवतात.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील. वर्गात एखादे मूल नजरेला नजर देणार नाही, एकच खेळ तासन्‌तास खेळेल, हाका मारूनही वळणार नाही. त्याच्यात काय कमी आहे हे सांगायला शेजारीपाजारी पुष्कळ भेटतील. त्याच्या भोवतालच्या खोलीत काय कमी आहे, हे पाहणारा एखादाच असतो. तो शिक्षक त्या मुलाला भेटावा.