हंसाच्या पाठीवर भूगोल

माझी मुलगी चौथीत होती तेव्हाची गोष्ट. सहामाही परीक्षा तोंडावर आली होती. महाराष्ट्राचा कोरा नकाशा घेऊन आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो. एकीकडे माझ्या पोळ्या, एकीकडे तिच्या नद्या. तिनं भीमा काढली आणि थेट अरबी समुद्रात नेऊन सोडली. एकदा समजावलं, दोनदा समजावलं. तिसऱ्यांदाही तिनं तेच केलं आणि माझा हात उठला. पोरगी रडली नाही. गालावर हात ठेवून नकाशाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, ही नदी कुठेही गेली तरी मला काय?

मैत्रिणींनो, आम्ही इंदापूरचे. उजनीच्या पाण्यावर जगणारी माणसं. जिच्या पाण्यावर घरातला भात शिजतो, ती भीमा कुठून येते आणि कुठे जाते याच्याशी माझ्या लेकीला काही देणंघेणं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. खरं सांगायचं तर मला तरी कुठे देणंघेणं होतं? माझ्या लहानपणी भूगोल म्हणजे पाठांतर. पिकं कोणती, खनिजं कोणती, धरणं कोणती. चुकलं की छडी. तोच वारसा मी इमानेइतबारे पुढे चालवत होते.

त्याच सुमारास वाचनालयातून आणलेल्या एका जुन्या पुस्तकात मला सेल्मा लागरलॉफ भेटली. नोबेल मिळवणारी लेखिका म्हणून तिचं नाव कुठेतरी वाचलं होतं. पण या बाईनं शाळेतल्या मुलांसाठी भूगोलाचं पुस्तक लिहिलंय, हे मला माहीतच नव्हतं.

स्वीडनच्या पश्चिमेला वेर्मलांड नावाचा प्रांत आहे. तळ्यांचा आणि जंगलांचा. तिथे मॉरबाका नावाच्या वाड्यात २० नोव्हेंबर १८५८ रोजी सेल्माचा जन्म झाला. वडील लष्करात लेफ्टनंट, घरची शेतीवाडी, भावंडांचा गोतावळा. पण साडेतीन वर्षांची असताना तिच्या पायांतलं बळच गेलं. चालता येईना. घरातली सगळी पोरं अंगणात हुंदडायची, तेव्हा ही आजीजवळ बसून असायची. आजी सकाळपासून संध्याकाळपर्यंत गोष्टी सांगायची. सेल्मा पाच वर्षांची असताना ही आजी गेली. आपल्यासाठी एका जादूच्या जगाचं दारच बंद झालं, असं तिला वाटलं. नातवंडांत जीव अडकलेल्या आज्या आपल्याकडे घरोघरी आहेत, म्हणून हे मला फार जवळचं वाटलं.

पुढे हवापालटासाठी तिला समुद्रकाठच्या एका गावी नेलं होतं. तिथली एक आठवण तिनं मोठेपणी लिहून ठेवली आहे. बंदरात उभ्या असलेल्या एका जहाजावर स्वर्गीय पक्षी आहे, असं तिच्या कानावर आलं होतं. तो बघायच्या ओढीनं जहाजावर गेल्यावर ही पोर आपण अधू आहोत हेच विसरली आणि आपल्या पायांनी चालत पक्ष्याजवळ पोचली. थोडं लंगडणं तिच्या जन्माला पुरलं, पण त्यानंतर ती चालू लागली. कुतूहल माणसाला कसं उभं करतं बघा! पुढे तिनं मुलांसाठी जे केलं, त्याचं बी मला या आठवणीत दिसतं.

तिचं शिक्षण घरीच झालं. हळूहळू घरची परिस्थिती खालावली. तेव्हा ती शिकायला स्टॉकहोमला गेली आणि शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण तिनं पुरं केलं. १८८५ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी ती लांड्सक्रुना या गावातल्या मुलींच्या शाळेत नोकरीला लागली. पुढे काही वर्षांतच मॉरबाका विकलं गेलं. माहेरचं घर परक्याच्या हाती गेलं की काय होतं, हे ज्या बाईनं भोगलंय तिला वेगळं सांगायला नको.

सेल्मानं दहा वर्षं शाळेत शिकवलं. शाळा सुटल्यावर ती लिहीत बसायची. १८९० मध्ये ‘इडुन’ या बायकांच्या साप्ताहिकानं कथास्पर्धा ठेवली होती. तिनं आपल्या कादंबरीची पाच प्रकरणं पाठवली आणि बक्षीस मिळवलं. पुढच्या वर्षी ‘यस्टा बर्लिंगची गाथा’ ही पहिली कादंबरी छापून आली. आपल्यासारख्याच बायकांच्या पानांतून ही लेखिका वर आली, याचं मला भारी अप्रूप वाटलं. १८९५ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि तिनं नोकरी सोडली.

पण शाळा काही तिला सोडेना. १९०२ च्या सुमारास स्वीडनच्या शिक्षक संघटनेनं तिला गळ घातली, की साधारण नऊ वर्षांच्या मुलांसाठी आपल्या देशाची ओळख करून देणारं वाचनाचं पुस्तक लिहून द्या. म्हणजे वय आपल्या चौथीतल्या पोरांचंच! प्रांत आले पाहिजेत, नद्या, डोंगर, खाणी, पिकं, पशुपक्षी, सगळं आलं पाहिजे. एखादीनं महिनाभरात यादी करून दिली असती आणि मोकळी झाली असती. सेल्मानं अभ्यासात काही वर्षं घालवली. ती देशाच्या उत्तरेपर्यंत हिंडली. प्राण्यापक्ष्यांच्या सवयींपासून गावोगावच्या दंतकथांपर्यंत सगळं तिनं गोळा केलं. पण एवढी माहिती ओवायची कशात? प्राण्यांना बोलतं करायची वाट तिला किपलिंगच्या ‘जंगल बुक’मुळे दिसली. हा किपलिंग म्हणजे आपल्या मुंबईत जन्मलेला, आणि त्याच्या मोगलीचं जंगल म्हणजे नागपूरच्या वरचा सिवनीचा मुलूख. म्हणजे स्वीडनच्या भूगोलात थोडी आपल्याकडची मातीही मिसळली म्हणायची.

आता गोष्ट ऐका. निल्स होल्गरसन नावाचा एक पोरगा. आळशी आणि अभ्यासाचा कंटाळा करणारा, कोंबड्यांना आणि गाईंना छळणारा. एका रविवारी आईवडील चर्चमध्ये गेलेले असताना तो घरातल्या एका बुटक्या यक्षाची खोडी काढतो आणि स्वतःच वीतभर होऊन बसतो. तेवढ्यात आभाळातून रानहंसांचा थवा जातो. घरच्या पाळलेल्या पांढऱ्या हंसालाही त्यांच्याबरोबर उडायची हौस येते. त्याला अडवायला निल्स गळ्याला मिठी मारतो, आणि हंसाबरोबर स्वतःच आभाळात जातो. झालं, इथून भूगोल सुरू!

वरून खाली बघतो तर चौकडीचं कापड अंथरलेलं. हिरवे, तपकिरी, पिवळे तुकडे. मग कळतं, ही तर आपल्याच स्कोने प्रांतातली शेतं. अशा तऱ्हेनं देशाच्या दक्षिण टोकापासून पार उत्तरेच्या लॅपलंडपर्यंत आणि तिथून परत असा प्रवास होतो. थव्याची पुढारीण कोण, तर अक्का नावाची म्हातारी हंसीण! नाव वाचून मी हसलेच. आपल्याकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आणि ही अक्काही तशीच, कडक पण मायेची. तिच्या नावापुढे केब्नेकाइसे असं लागतं. तो स्वीडनमधला सगळ्यात उंच डोंगर. पोरांनी डोंगराचं नाव पाठ केलं नाही. ते त्यांना अक्काचं माहेर म्हणून कळलं.

या पुस्तकात नुसती गंमत नाही. आसा आणि छोटा मात्स ही दोन भावंडं बापाला शोधत दक्षिणेकडून उत्तरेतल्या लोखंडाच्या खाणीपर्यंत पायी जातात. त्यांची आई आणि बाकीची भावंडं एकामागून एक गेलेली असतात. घरच्यांना वाटत असतं, कुणा आजारी भटक्या बाईचा शाप लागला. मुलांना नंतर कळतं, की तो शाप नव्हता, क्षय होता, आणि स्वच्छता पाळली तर तो टाळता येतो. खाणीच्या वाटेवर सेल्मानं आरोग्याचा धडाही असा अलगद ठेवला. दुसऱ्या एका प्रकरणात एक म्हातारी घरात एकटीच मरून पडते. मुलं सगळी परदेशी गेलेली. त्या काळात लाखो स्वीडिश माणसं पोटासाठी अमेरिकेला गेली होती. तिला बघून निल्सला पहिल्यांदा आपल्या आईची आठवण येते. हे प्रकरण वाचताना आमच्या गल्लीतली दोन-तीन कुलपं लागलेली घरं माझ्या डोळ्यापुढे आली.

आणि शेवट? निल्सला पुन्हा माणूस व्हायचं असेल, तर पांढऱ्या हंसाला घरी कापू द्यायचं, अशी अट असते. तो ते लपवून ठेवतो. पण आईवडील हंसाला खरंच कापायला नेतात तेव्हा सगळं विसरून तो मित्राला वाचवायला धावतो. त्या क्षणी तो पुन्हा मोठा होतो. मात्र हंसांची भाषा त्याला आता कळत नाही.

पुस्तकाचा पहिला भाग १९०६ मध्ये आला, दुसरा १९०७ मध्ये. तक्रारीही झाल्या. हालांड नावाच्या प्रांताला तर पुस्तकात जवळजवळ जागाच मिळाली नाही! पण मुलांनी पुस्तक डोक्यावर घेतलं आणि जगभर त्याची भाषांतरं झाली. मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. निल्स उडत उडत मॉरबाकालाही येतो आणि तिथे घुबडाच्या तावडीतून त्याला सोडवते ती खुद्द लेखिका. गेलेल्या माहेरी ती पुस्तकातून अशी परत गेली. आणि गंमत म्हणजे १९०७ मध्येच तिनं ते घर खरोखर परत विकत घेतलं. १९०९ मध्ये नोबेल मिळालं. साहित्याचं नोबेल मिळवणारी जगातली ती पहिली बाई. त्या पैशातून १९१० मध्ये तिनं शेतीही सोडवली. १९१४ मध्ये स्वीडिश अकादमीवर निवडून गेलेली पहिली बाईही तीच. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही ती उभी राहिली.

शेवटच्या दिवसांत, फिनलंडवर युद्ध आलं तेव्हा, मदत म्हणून तिनं आपलं नोबेलचं सोन्याचं पदक देऊन टाकलं. नेली साख्स या ज्यू कवयित्रीला जर्मनीतून सोडवण्यासाठी तिनं शब्द टाकला. नेली मे १९४० मध्ये स्वीडनला पोचली, पण त्याआधीच, १६ मार्च १९४० रोजी, सेल्मा मॉरबाकाच्या त्याच घरात गेली होती. पुढे १९९१ मध्ये निघालेल्या २० क्रोनरच्या नोटेवर एका बाजूला सेल्मा होती, आणि दुसऱ्या बाजूला हंसावर बसलेला निल्स. भूगोलाच्या पुस्तकातला पोरगा नोटेवर!

पुस्तक मिटलं आणि मला माझी चूक कळली. मी लेकीला नदीची रेघ दाखवत होते, नदी नव्हे. पुढच्याच रविवारी आम्ही दोघी एसटीनं उजनीच्या फुगवट्याकडे गेलो. थंडी होती. पाण्यावर पट्टकदंब हंस उतरले होते. हे हिमालय ओलांडून येतात, असं सांगितल्यावर तिनं डोळे मोठे केले. मग मी तिथेच काठावर बसून गोष्ट रचली. देहूच्या इंद्रायणीत एक पान पडलं. ते आळंदीला माउलींना भेटलं, तुळापूरला भीमेत शिरलं, आपल्या उजनीत महिनाभर मुक्काम केला आणि पंढरपूरला चंद्रभागा म्हणवून घेतलं. तुकोबांची पालखी दरवर्षी आपल्या इंदापुरातून जाते ना, तसंच हे पाणीही देहूहून पंढरपूरला जातं. लेकीनं लगेच विचारलं, मग पुढे? पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळतं, आणि तिचा हात धरून बंगालच्या उपसागरात जातं.

परीक्षेत तिला फार मार्क पडले असं नाही. पण भीमा तिनं बरोबर वाटेनं नेली, आणि काठावर एक छोटंसं पानही काढलं. बाईंनी त्यावर लाल फुली मारली. मी मात्र तो नकाशा जपून ठेवलाय. ती थप्पड काही परत घेता येत नाही. लेकीला ती अजून आठवते, तसं ती हसत हसत सांगतेही. पण ती सांगून झाली की पुढे म्हणते, आई, ते पान आता कुठे पोचलं असेल गं?