लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाई नारायण टिळक (१ जून १८६८ – २४ फेब्रुवारी १९३६) या मराठी कवयित्री व आत्मचरित्रकार होत्या. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र मराठी साहित्यात महत्त्वाचे मानले जाते. अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील वास्तव्य त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरले.

बालपण व विवाह

त्यांचा जन्म नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याओवळ्याचा जाच सर्व घराला सोसावा लागे. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह कवी नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. रूढीप्रमाणे त्यांच्या हातचे अन्नपाणीही लक्ष्मीबाईंना निषिद्ध झाले.

राहुरीतील निर्णय

काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या. मात्र स्वतःचे सोवळे त्यांनी सोडले नाही. टिळकांनीही धर्मांतराची सक्ती केली नाही. राहुरी येथे विचारांती जातिभेद मनुष्यनिर्मित असल्याचे त्यांना पटले आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय त्यांनी केला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे जातीचे बंधन आधी सुटले, धर्मांतर नंतर झाले.

सेवाकार्य

दुष्काळात निराधार झालेल्या मुलांना टिळक दांपत्याने घरी आश्रय दिला. त्यांचा सांभाळ मुख्यतः लक्ष्मीबाईंनी केला. प्लेगच्या साथीत संसर्गाचे भय असतानाही त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली.

नैतिक दृष्टी

अमेरिकन विचारवंत जोसेफ फ्लेचर यांनी १९६६ मध्ये प्रसंगनिष्ठ नीतिशास्त्र मांडले. नियम मार्गदर्शक असतात. परंतु प्रत्यक्ष प्रसंगी निःस्वार्थ प्रेम हीच अखेरची कसोटी होय, असे त्याचे सूत्र आहे. लक्ष्मीबाईंनी असा सिद्धांत मांडला नाही. तथापि नियम आणि माणूस यांत विरोध आला असता त्यांनी माणसाची बाजू घेतली, हे त्यांच्या चरित्रातून दिसते. हा बदल एकाएकी झाला नाही. लहानपणापासूनच्या संस्कारांशी झगडत त्या तेथवर पोहोचल्या, म्हणूनच त्यांच्या निर्णयांना वजन आहे.

लेखन

१९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. औपचारिक शिक्षण नसतानाही साधी, बोलकी भाषा आणि स्वतःकडेही विनोदाने पाहण्याची वृत्ती यांमुळे ते आजही वाचले जाते.